अठरा पावलांवरचे बावटे

१

गॅनेट बेच्या किनाऱ्यावर याआधी माणसं बुडाली नव्हती असं नाही. पण बावट्यांच्या आत कुणी बुडालं नव्हतं. लाल-पिवळ्या दोन बावट्यांच्या मधे पोहा, जीवरक्षकाची नजर तुमच्यावर आहे, एवढं एकच वचन हा किनारा लोकांना देतो. भर उन्हाळ्यात, जानेवारीतल्या एका रविवारी ऑल्विन ट्रेगिअर नावाचा शाळामास्तर बायकोला वाळूवर बसवून बावट्यांच्या मधोमध पाण्यात शिरला. नऊ वाजून बारा मिनिटांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. बावटे जीवरक्षकांच्या मनोऱ्यासमोर, ओढीच्या तोंडाशी उभे होते. तिथे पाणी वरून शांत दिसतं आणि खालून माणसाला आत खेचून नेतं.

त्या दिवशी बावटे लावण्याचं काम कोल रॅफर्टीचं होतं. वय त्रेसष्ट, एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला एक उन्हाळा बाकी.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, कोल मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर आला. रेनाटा झुपान तिथे चौकशीची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. कोलच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

रेनाटा आठवड्यातले तीन दिवस आर्किटेक्ट होती आणि चार दिवस जीवरक्षक. लोकांना त्याचं भारी कौतुक. कौतुक करणाऱ्यांना सातही दिवस पहाटे पाचला उठावं लागत नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिचे खांदे पोहून दुखत आणि डोळे नकाशांवर वाकून. या दोन धंद्यांना जोडून आयुष्यात एकच गोष्ट तिच्या हातून झाली होती, ती म्हणजे हा नवा मनोरा. पाण्यावरचं सकाळचं ऊन डोळ्यांत कसं घुसतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने पूर्वेच्या खिडकीवर हा एवढा खोल छज्जा काढला होता.

"चौकशी दोन वाजता हॉलमध्ये आहे ना?" कोल म्हणाला. "मी सही करून टाकणार आहे, पोरी. चूक माझी, असं लिहून देतो. सगळेच मोकळे."

"तू बावटे उत्तरेला लावले होतेस. वाळूच्या बांधावर, उथळ पाण्यात. नोंदवहीत तुझ्या हातचं लिहिलेलं आहे."

"नोंदवहीत मी काहीही लिहीन. फोटो खोटं बोलत नाही."

"तुला आठवतं ना, लावलेले?"

कोलने समुद्राकडे पाहिलं. "आठवतं. पण म्हाताऱ्याच्या आठवणीला कोण विचारतो? चहा आहे का?"

चहा नव्हता. तो उठून गेला. एरवी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरणारा माणूस कठडा धरून उतरला. लाटेला पाठ द्यायची नाही हे तिला याच माणसाने शिकवलं होतं.

तिने फाईल पुन्हा उघडली. अपघातानंतर कुणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो वर होता: गर्दी, रुग्णवाहिका, मागे बावटे. हा फोटो तिने वीस वेळा पाहिला होता. आज तिने बावट्यांतलं अंतर डोळ्यांनी मोजलं, भिंतीची लांबी मोजावी तसं.

अठरा पावलं. जानेवारीतला रविवार, तीनशे माणसं पाण्यात उतरणार, आणि अठरा पावलं? नवशिकासुद्धा साठ पावलं सोडतो. थकलेला, चुकलेला, झोपेतला कोलही बावटे एवढे जवळ रोवणार नाही.

हे बावटे जीवरक्षकाने लावलेलेच नव्हते.

२

बावटे हलवायचं मन असलेली दोन माणसं सगळ्या गावाला ठाऊक होती.

पहिली नोएलीन प्रॅट. मनोऱ्यापासून शंभर पावलांवर तिची कॉफीची टपरी. बावटे जिथे, तिथे गिऱ्हाईक. म्हणून बावटे माझ्यासमोर लावा असा तिचा सहा वर्षांचा धोशा होता.

"ये सोन्या, किती वाळलीस गं," नोएलीन म्हणाली आणि न विचारता कप पुढे ठेवला. "मीच हलवले का, असं विचारायला आलीस ना? विचार. सगळे मनातल्या मनात तेच विचारतायत."

"हलवलेस का?"

"हे गुडघे बघ. वाळूवर दहा पावलं टाकली तर मलाच उचलायला तुझी गाडी लागेल. आणि हलवायचेच होते तर माझ्या दारात आणले असते. त्या मनोऱ्यासमोर रोवून मला काय मिळणार?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"त्या सकाळी बावटे कुठे होते, पाहिलंस?"

"टपरी उघडली तेव्हा होते तिकडे लांबच. मी शिव्या दिल्या, रोजच्यासारख्या. मग लागली रांग. तुझा तो भागीदारही आला होता, काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढणारा. किती वाजता ते मात्र नको विचारू, मला मान वर करायला फुरसत नव्हती." ती जरा थांबली. "कोलला म्हणावं, कॉफी प्यायला येत जा. तीन आठवडे तोंड दाखवलं नाही मेल्याने."

दुसरा वेस्ली बून, लाटांवर फळी चालवायला शिकवणारा. उत्तरेच्या बांधावर लाट उत्तम उठते. पण बावटे तिथे लागले की फळ्यांना मनाई. कोल आणि वेस्लीचं त्यावरून दर आठवड्याला वाजायचं. तो दक्षिणेच्या खडकांजवळ गाडीमागे ओले पोशाख वाळत घालत होता.

"मी काही पाहिलं नाही," रेनाटाने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला.

"वेस्ली, आज दोन वाजता तो म्हातारा सही करतोय. एक माणूस मारल्याची."

वेस्लीच्या हातातला पोशाख हातातच राहिला. "सही? का?"

"थकला म्हणून."

वेस्लीने पोशाख गाडीवर टाकला. मग म्हणाला, "सव्वाआठला बावटे बांधावरच होते. माझी पोरं घेऊन मी तिथे घुसलो होतो, परवानगी नसताना. कोलने हाकललं. मीही त्याला चार शब्द ऐकवले. मग इकडे खडकांपाशी आलो, तर एका पोरीला निळ्या जेलीफिशने धरलं. मीच रेडिओवरून कोलला बोलावलं. तो इथे तिच्या पायावर गरम पाणी ओतत बसला होता, पार तिकडून किंकाळी ऐकू येईपर्यंत."

"म्हणजे तू आणि कोल, दोघेही इथे होता."

"दोघेही. आठ एकतीस ते नऊ पाच, रेडिओच्या नोंदीत आहे. मग कोल गाडी सोडून किनाऱ्याने धावत सुटला. त्या वयात तसा धावलेला माणूस मी पाहिला नाही."

"आणि हे तू तीन आठवडे पोटात ठेवलंस?"

"परवाना गेला असता, रेनी. घरात दोन लहान पोरं आहेत." त्याने मान खाली घातली. "आता येतो हॉलमध्ये. सांगतो. पण त्या फोटोपुढे माझं कोण ऐकणार?"

ते खरं होतं. तो फोटो मोबाईलवरचा नव्हे. दुसरा.

३

दुसरा फोटो गावातल्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर आला होता. मनोऱ्याची एका मोठ्या पारितोषिकासाठी निवड झाली, त्याची ती बातमी. फोटो रेनाटाच्या भागीदाराने, गॅरेथ विन्स्लेडने काढलेला. मनोरा बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक बावटा. कुणा चौकस वाचकाने बावट्यांची जागा ओळखली आणि चौकशीवाल्यांनी गॅरेथला वेळ विचारली. त्याने लिहून दिलं: त्या रविवारी, पावणेआठ वाजता. त्या एका ओळीने कोल बुडाला. पावणेआठला कोल मनोऱ्यातच होता. बावटे तेव्हाच ओढीच्या तोंडाशी असतील, तर ते त्याच्याच हातचे.

गॅरेथ जुन्या पद्धतीने फिल्मवर फोटो काढायचा. त्यामुळे फोटोवर वेळेचा शिक्का नव्हता, होता तो फक्त त्याचा शब्द.

ऑफिसात तो नेहमीच्या टेबलापाशी, नेहमीच्या करड्या शर्टात बसला होता. अकरा वर्षांची भागीदारी. रेनाटा ओल्या केसांनी मीटिंगला आली तर अशीलांना तोच हसून सांगायचा, "आमच्या बाईसाहेब समुद्रातून थेट येतात."

"वेस्ली म्हणतो, सव्वाआठला बावटे उत्तरेला होते," ती म्हणाली.

"वेस्लीला त्या सकाळचं काय काय लपवायचं आहे ते देव जाणे." गॅरेथचा आवाज मऊ होता. "कोल तुझ्यासाठी कोण आहे ते मला कळतं, रेनाटा. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. छज्जा तुझा, सावलीही तुझीच. तूच मोजून बघ."

त्याने मोठी प्रत तिच्यापुढे सरकवली.

ती मोजायला बसली. छज्जा दीड मीटर बाहेर. सूर्य चढेल तशी छज्ज्याची सावली खिडकीवरून खाली उतरते, हे तिने स्वतः आखलेलं होतं. फोटोत सावलीची कड खिडकीच्या खालच्या पट्टीला टेकली होती, वरपासून एक मीटर. म्हणजे सूर्य चौतीस अंशांवर. तिने कपाटातून सावल्यांचा तक्ता काढला, जानेवारीचं पान उघडलं आणि बोट खाली नेलं.

सात पंचेचाळीस.

तिने पुन्हा मोजलं. तेच आलं.

"सॉरी," गॅरेथ म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर निघून गेला.

मग वेस्ली खोटारडा. नोएलीन विसरभोळी. आणि कोलने नोंदवहीत खोटं लिहिलं. स्वतःच्या सावलीनेच रेनाटाला तोंडघशी पाडलं होतं.

४

ती मनोऱ्यावर परत आली, कारण दुसरं कुठे जावं ते सुचेना. कामावरच्या जीवरक्षकाला तिने जेवायला पाठवलं आणि बाहेरच्या फळ्यांवर पाय पसरून बसली. तिला झोप हवी होती. सलग आठ तास, मोबाईल बंद करून, ज्यात कुणी बुडत नाही आणि कुणाचा नकाशा नामंजूर होत नाही अशी झोप.

भिंतीवरचं घड्याळ बाराचे टोले द्यायला लागलं. डोकं गुडघ्यांवर टेकवताना तिची नजर फळ्यांवर गेली. झेंड्याच्या उंच काठीची सावली त्यांच्यावर पडली होती, तिरकी.

या फळ्या तिने उत्तर-दक्षिण बसवून घेतल्या होत्या. सुताराशी त्यावरून भांडली होती. दक्षिण गोलार्धातल्या या किनाऱ्यावर भर दुपारी बाराला सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा काठीची सावली फळीच्या रेषेत सरळ दक्षिणेला पडायला हवी. ही तर नैर्ऋत्येला पडली होती, चांगली हातभर बाजूला.

काठी वाकडी नव्हती. फळ्याही नाहीत.

रेनाटा हळूहळू ताठ बसली. वाकडं होतं ते घड्याळ. म्हणजे घड्याळही बरोबरच होतं. पण ते उन्हाळ्याचं घड्याळ होतं. ऑक्टोबर आला की सगळा प्रांत घड्याळाचे काटे तासभर पुढे करतो आणि एप्रिलमध्ये मागे घेतो. जीवरक्षकाचा सगळा दिवस त्या पुढे केलेल्या घड्याळावर चालतो. आर्किटेक्टचा सावल्यांचा तक्ता मात्र सूर्याच्या घड्याळावर छापलेला असतो. त्यात तो तास धरतच नाहीत, कारण शेजाऱ्याचं ऊन अडतं की नाही हे नगरपालिका फक्त हिवाळ्याचं विचारते आणि हिवाळ्यात काटे जागेवर असतात. उन्हाळ्याची पानं सहसा कुणी उघडत नाही. तिने अकरा वर्षांत आज पहिल्यांदा उघडली होती.

तक्त्यातले पावणेआठ म्हणजे किनाऱ्यावरचे पावणेनऊ.

पावणेनऊला कोल खडकांपाशी एका पोरीच्या पायावर गरम पाणी ओतत होता. वेस्लीही तिथेच. बावटे हलले ते त्या अर्ध्या तासात.

तेवढ्यावर ती उठली असती, पण काहीतरी अजून टोचत होतं. पावणेआठ. "आठच्या सुमारास" नव्हे, "सकाळी कधीतरी" नव्हे. ज्या गॅरेथला बायकोच्या वाढदिवसाची दर वर्षी ऑफिसातल्यांनी आठवण करून द्यावी लागते, त्याला एका रविवारची अचूक वेळ आठवली, आणि ती तक्त्याशी मिनिटाला मिनिट जुळली. चुकीच्या तक्त्याशी. खरंच तिथे उभ्या असलेल्या माणसाने मनगटावर पाहिलं असतं, तर त्याला पावणेनऊ दिसले असते.

म्हणजे ती वेळ त्याने आठवली नव्हती, शोधून काढली होती. रेनाटा सावली मोजणार हे तो ओळखून होता. खोटं सांगायचं ते तिच्या हिशेबाला उतरावं म्हणून त्याने तिच्याआधीच ते पान उघडलं होतं आणि तोच तास विसरला होता, जो ती विसरली. ही चूक गावातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

आणि अठरा पावलं? फोटोत मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बावटा दिसावा म्हणून. पोहणाऱ्यांचा त्यात संबंधच नव्हता.

५

गॅरेथ हॉलबाहेर, गाडीतच बसलेला सापडला. सव्वा वाजला होता. ती शेजारच्या सीटवर बसली आणि काचेतून समोर बघत बोलली.

"तक्त्यात एक तास कमी असतो, गॅरेथ. उन्हाळ्यात."

त्याने आधी तिच्याकडे आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दहा मिनिटांसाठी," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, दहाच मिनिटांसाठी. पाण्यात तेव्हा कुणी नव्हतं, कोल दिसत नव्हता. ऊन तसं पुन्हा मिळालं नसतं. परत जागेवर ठेवणारच होतो. मग कॅमेरा आवरला, तिकाटणं गाडीत ठेवायला गेलो, तेवढ्यात अशीलाचा फोन आला. बोलता बोलता गाडी सुरू केली. विसरलो."

"विसरलास."

"संध्याकाळी बातमी ऐकली तेव्हा ओकलो मी."

"आणि दुसऱ्या दिवशी तोच फोटो पारितोषिकाला पाठवलास?"

मग तो जे बोलला ते रेनाटा पुढे कधी विसरू शकली नाही. "फोटो फार चांगला आला होता."

तिला ओरडायचं होतं. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. तिला फक्त प्रचंड शीण आला, अकरा वर्षांचा, एकदम.

"ऑफिसात सहा माणसं आहेत," गॅरेथ पुटपुटला. "मनोरा तुझाही आहे. हे बाहेर आलं की लोक त्याच्याकडे बघून काय म्हणतील, विचार कर. कोल तर सही करतोच आहे. एवीतेवी पुढच्या वर्षी तो—"

"तू आत जाऊन सांगतोस की मी सांगू?"

तो गाडीतून उतरला. हॉलच्या दारापर्यंतचं अंतर चाळीसएक पावलांचं असेल. त्याला ते कापायला फार वेळ लागला. वेस्ली दारातच उभा होता. त्याने बाजूला होऊन वाट दिली.

६

कोल हॉलच्या मागच्या पायरीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टाइप केलेला कबुलीचा कागद, हातात पेन. रेनाटा त्याच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं: छज्जा, तक्ता, तास, गॅरेथ. ती त्याच्या चेहऱ्यावर सुटकेची वाट पाहत राहिली. रागाची तरी. दोन्ही आलं नाही.

"तेवढं एकच सांग," तो शेवटी म्हणाला. "बावटे मी बांधावर लावले होते?"

"हो."

"साठ पावलांवर?"

"साठ पावलांवर. सव्वाआठला वेस्लीने पाहिले. तू त्याला तिथून हाकललंस."

"निळी टोपी घातली होती त्याने. आतून फाटलेली." कोल म्हणाला. "हे मला आठवत होतं, पोरी. सगळं आठवत होतं. बावटा रोवताना हातात काठीचं कुसळ गेलं, तेसुद्धा. पण सगळे म्हणायला लागले की तसं नव्हतंच. फोटोत पण नव्हतं. मग मला वाटलं, सुरू झालं."

"काय सुरू झालं?"

"बापाचं असंच सुरू झालं होतं. याच वयात. न घडलेलं सगळं त्याला स्वच्छ आठवायचं. शेवटी मला पाहून घरात कोण शिरलंय म्हणून ओरडायचा." त्याने पेन पायरीवर ठेवलं. "तीन आठवडे रोज रात्री मी मुलांची नावं म्हणून बघतोय. शेजाऱ्यांची, शाळेतल्या मास्तरांची. कुणाला सांगणार? डोकं गेलेल्या माणसाने पाण्यावर नजर ठेवायची नसते. म्हणून सही करत होतो. आणखी कुणी मरायच्या आत."

त्याच्या नोकरीसाठी, त्याच्या नावासाठी रेनाटा इतकी धावली. आणि हा माणूस त्यातल्या कशाचीच वाट बघत बसला नव्हता. तिने त्याच्या मांडीवरचा कागद काढून घेतला आणि त्याचा हात हातात धरला. इतक्या वर्षांत तिने तो पाण्याबाहेर कधी धरला नव्हता.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे, कोल. माझ्याहून बरं आहे. तक्त्यात मीच चुकले."

तो हसायला गेला आणि रडायला लागला, खांदे हलवत, तोंड न झाकता. आतून खुर्च्या सरकल्याचा आणि कुणीतरी जोरात बोलल्याचा आवाज आला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"पुन्हा सांग," कोल म्हणाला. "पहिल्यापासून."

रेनाटाने डोळे पुसले. "सकाळी सात वाजता तू बावटे घेऊन उत्तरेला गेलास," ती सांगू लागली.